कोणत्या भयाला किती जागा द्यावी?

स्मरणिकेत माजी विद्यार्थ्यांनी वसतिगृहाच्या आठवणी लिहाव्यात, अशी प्रथा आहे. आम्हीही आठवणीपासूनच आरंभ करतो. परंतु आमचे म्हणणे आठवणीपुरते नाही. वसतिगृहाच्या नव्या इमारतीसंबंधी पालकांपुढे आणि संस्थेच्या पदाधिकाऱ्यांपुढे एक विचार मांडावा, या हेतूने हे लिहिले आहे.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या रात्री गावातील गणपती विसर्जनाचे ढोल उशिरापर्यंत ऐकू येत होते. ३ वाजून ५६ मिनिटांनी भिंतींतून घरघर उमटली, आमच्या पत्र्याच्या पेट्या एकमेकींवर आपटू लागल्या आणि अंधारात कोणीतरी ‘पळा’ म्हणून ओरडले. पळणार कोठे? मुले रात्री सिनेमाला जातात म्हणून दाराला बाहेरून कडी घातलेली असे. आम्ही सारे त्या दारावर जाऊन थडकलो. स्वयंपाकाच्या मावशींनी धावत येऊन कडी काढली, तोवर धरणी शांत झाली होती. आम्ही केंद्रापासून दूर होतो, म्हणून आज हे लिहीत आहोत. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत त्या पहाटे सुमारे दहा हजार माणसे दगावली.

त्यानंतर दिवाळीपर्यंत आम्ही छताखाली झोपलो नाही. पाऊस येई, तेव्हा व्हरांड्याच्या कडेला अंथरुणे ओढायची आणि उघडीप होताच पुन्हा मैदानात. भूकंपाने आमच्यापैकी कोणालाही साधा ओरखडा उठला नव्हता. मैदानातल्या विंचवांनी मात्र दोघांना दंश केला. एकाला रात्रीच बैलगाडीतून दवाखान्यात न्यावे लागले. तरीही दुसऱ्या दिवशी तो आत झोपायला तयार होईना. आज याचे हसू येते, पण त्या मुलाचे काही चुकले होते, असे आम्हांस वाटत नाही. विंचू पायाखाली असतो. भूकंपात पायाखालची जमीनच उरत नाही.

गेल्या पावसाळ्यात वसतिगृहातील मुलांशी बोलत बसलो असता ध्यानात आले, की भयालाही जिल्हा असतो. कोल्हापूरकडच्या मुलाने पंचगंगेचा पूर फुटांत सांगितला : राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. त्याच्या घरी ३९ फूट ऐकले की धान्य माळ्यावर चढते, ४३ ऐकले की जनावरे सोडतात. महाडकडच्या मुलीला नदीची भीती नाही, डोंगराची आहे. २२ जुलै २०२१ रोजी तळीये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली, तेव्हा ती लहान होती. चंद्रपूरचा मुलगा म्हणाला, आमच्याकडे काहीच होत नाही, फक्त ऊन असते. हे ‘फक्त’ आम्हांला बरेच दिवस पुरले.

कारण उन्हाला कोणी आपत्ती म्हणत नाही. दुष्काळालाही लोक भय म्हणत नाहीत, दिवस म्हणतात. आमच्या आईवडिलांनी बहात्तरच्या दुष्काळाची सुकडी आणि लाल मिलो खाल्ली, खडी फोडली; ‘भीती वाटली का’ असे विचारले तर ते आमच्याच तोंडाकडे पाहत. भूकंपाची तारीख सर्वांस पाठ, दुष्काळाची तारीख कोणती सांगणार? २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले, तेव्हा ती गाडी सर्व देशाने पाहिली; त्याआधी किती महिने घागरी रांगेत उभ्या होत्या, ते कोणी पाहिले नाही.

येथे बाबासाहेबांची आठवण अपरिहार्य आहे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथे ओरिसातील नद्यांविषयी भरलेल्या परिषदेत त्यांनी भाषण केले. पुराने गांजलेल्या प्रांतात उभे राहून त्यांनी सांगितले, की अतिरिक्त पाणी म्हणजे संकट, ही समजूतच चुकीची आहे. पाणी ही संपत्ती आहे, आणि लोकांचे हाल पाण्याच्या अतिरेकापेक्षा त्याच्या अभावाने अधिक होतात. समोरच्या भयाचा आकार पाहून ते थांबले नाहीत, त्यांनी त्याची दुसऱ्याशी तुलना केली. आपल्या जयंतीच्या भाषणांत हे बाबासाहेब क्वचितच येतात, ही आमची जुनी तक्रार आहे.

तुलना न केल्यास काय होते, हे आमच्याच भागात दिसते. किल्लारी परिसरातील माणसे मुख्यतः घरांनी मारली. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचे जड धाबे. उन्हाळ्यात असे घर गार राही, म्हणून वाडवडिलांनी ते तसे बांधले होते. ज्यांना एवढे घर परवडत नव्हते, ज्यांच्या डोक्यावर कुडाचे किंवा पत्र्याचे छप्पर होते, त्यांच्यावर कोसळायला ओझेच कमी होते. गरिबी अशी क्वचितच कोणाच्या उपयोगी पडते. त्यानंतर सर्वांनाच पत्रा हवासा झाला. आता त्या पत्र्याखाली मे महिन्यात दुपारी तान्ह्या मुलाला ठेवता येत नाही, आणि वावटळीने उडू नये म्हणून त्याच पत्र्यावर मोठमोठे दगड ठेवलेले असतात. भूकंपात ते दगड कोठे पडतील, याचा विचार आम्ही कोणाच्याही तोंडून ऐकलेला नाही.

विजेचे तर विचारूच नये. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात वीज पडून २,८८७ माणसे मृत्यू पावली. ही माणसे एका गावी, एका रात्री मेली नाहीत. एक बाभळीखाली, दोघी कापसाच्या रानात, एक शेळ्यांमागे. त्यांत आपल्यासारख्यांची, दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्यांची माणसे असतात, कारण आभाळ भरून आले म्हणून मजुराला काम टाकून घरी जाता येत नाही. भूकंपाची पूर्वसूचना मिळत नाही, विजेची मिळते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप मोबाईलवर ती देते, आणि मोबाईल नसेल तर लखलखाट व गडगडाट यांमधले अंतर मोजता येते. अंतर तीस सेकंदांहून कमी असेल, तर झाड सोडून पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तेथेच थांबावे. एवढे शाळेत पाठ करून घेतले, तर मुले ते घरी नेतील. आमच्या वेळी कोणी करून घेतले नाही.

आता मूळ मुद्दा. नव्या इमारतीत मुलींच्या मजल्याला सरकता लोखंडी दरवाजा बसविला असून रात्री नऊनंतर त्याला बाहेरून कुलूप लावण्याचे ठरत आहे, असे कळते. ही मागणी संस्थेची नव्हे, पालकांची आहे, आणि तिच्यामागील भय आम्ही जाणतो. आमच्याही मुली वसतिगृहात राहिल्या आहेत. रात्री कोणी आत शिरेल, ही धास्ती रोजची आहे. भूकंप किंवा आग ही आयुष्यात कदाचित एकदाच यायची. रोजच्या भयाने विरळ भयाला बाजूस सारावे, हे स्वाभाविकच आहे. परंतु या दोन भयांत एक भेद आहे. बाहेरच्याला रोखण्यास आतली कडीही पुरते. बाहेरच्या कुलपाने केवळ आतल्यांना रोखता येते.

प्रार्थना सभागृहाच्या भिंतीवर ‘अप्पमाद’ हा शब्द आमच्या चित्रकलेच्या गुरुजींनी रंगविला होता. बेसावध राहू नये, एवढाच अर्थ त्यांनी आम्हांस सांगितला होता. आमची सूचनाही तेवढीच साधी आहे. कुलूप आतून असावे. एक किल्ली मजल्यावर राहणाऱ्या ताईंकडे आणि दुसरी दाराजवळच्या खिळ्याला, दहावीतल्या दोन मुलींच्या जबाबदारीवर असावी. मागील जिन्याचे दार गाद्या ठेवून बंद केले आहे, ते मोकळे करावे. महिन्यातून एकदा, न सांगता, पहाटे घंटा वाजवून सर्व मुलींना मैदानात आणावे आणि किती वेळ लागला ते फळ्यावर लिहावे. पहिल्या खेपेस आमच्यापैकी कोणी तरी घड्याळ घेऊन हजर राहील. स्वयंपाकाच्या मावशी आता नाहीत.