आम्ही नाही का वाढलो?

'आम्ही नाही का वाढलो?' या प्रश्नावर कायद्यानं बंदी घालावी, अशी माझी मागणी आहे. नातू रांगू लागला आणि सूनबाईंनी स्वयंपाकघराच्या दारात आडवी फळी ठोकली, तेव्हा घरातल्या समस्त ज्येष्ठांनी हाच प्रश्न विचारला. (पहिला मी. कबूल.)

अहो, पण हे विचारतो कोण? जो वाढला तो! जो नाही वाढला, तो कुठून येणार विचारायला?

आणि वाढलो ते तरी कसे? आमच्या वेळी चूल जमिनीवर. दुधाचं पातेलं उतरवून शेजारीच ठेवलेलं. मी त्यात हात घातला. आजोबांनी धावत येऊन वर दौतभर शाई ओतली. भाजल्या जागेवर २० मिनिटं साधं गार पाणी सोडत राहायचं. पण त्यात वैद्यकी दिसत नाही ना! आता शाईच्या जागी टूथपेस्ट आली, एवढीच काय ती प्रगती.

ओटा आला म्हणून पोर सुटलं म्हणता? फोडणीच्या कढल्याचा दांडा ओट्याबाहेर, मिक्सरची वायर लोंबतेय आणि खाली सरबताच्या बाटलीत फिनेल! पोराला वाचता येत नाही म्हणावं, तर लेबलही सरबताचंच.

"अगं, पण आम्ही नाही का..." मी पुन्हा म्हणालो. सूनबाईंनी काही न बोलता माझी बाही वर सारली.

तूर्त त्या फळीला अडखळून मीच दोनदा पडलोय. तक्रार नाही.