शब्दांचे मूळ : ‘क्रेडिट’मधील श्रद्धा

पेढीवरील हिशेबात नित्य येणारा ‘क्रेडिट’ हा इंग्रजी शब्द मूळचा लॅटिन आहे. ‘क्रेदेरे’ म्हणजे विश्वास ठेवणे आणि ‘क्रेदितुम’ म्हणजे विश्वासाने सोपविलेले धन, अर्थात कर्ज. भाषाशास्त्रज्ञ या क्रियापदाचे नाते संस्कृतातील ‘श्रद्धा’ या शब्दाशी सांगतात. दोन्ही एकाच प्राचीन मुळाचे अंकुर होत. या अर्थाने धनको हा केवळ धन देणारा नव्हे, तर विश्वास टाकणारा ठरतो.

‘डेबिट’चे मूळ ‘देबेरे’ या क्रियापदात आहे. ‘दे’ म्हणजे पासून आणि ‘हाबेरे’ म्हणजे जवळ बाळगणे. दुसऱ्याचे असलेले आपल्यापाशी ठेवणे, हा त्याचा मूळ आशय. ऋण या अर्थाचा ‘डेट’ हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला, तेव्हा त्यात ‘बी’ हे अक्षर नव्हते. लॅटिन मुळाची खूण म्हणून ते पुढे घालण्यात आले. उच्चारात मात्र ते आजही मूक आहे.

१४९४ साली व्हेनिस येथे लुका पाचोली यांचा गणितविषयक ग्रंथ छापला गेला. तेथील व्यापाऱ्यांची दुहेरी नोंदपद्धती त्यात सविस्तर वर्णिली आहे. एकाच्या नावे पडते, तेच दुसऱ्याकडे जमा होते.

मराठीत बाजारातील या विश्वासाला ‘पत’ म्हणतात. वायदा मोडणारा नुसती रक्कम थकवीत नाही, तर दुसऱ्याची श्रद्धा अडवून ठेवतो. रक्कम व्याजासह फेडता येते. गेलेली पत मात्र कोणत्याही व्याजाने परत मिळत नाही.