पाठिंबा नेत्याचा, मन कार्यकर्त्याचे

४ जानेवारी २०१२ रोजी सिनेटर जॉन मॅक्केन यांनी न्यू हॅम्पशायरमध्ये मिट रॉम्नी यांच्या अध्यक्षीय उमेदवारीला जाहीर पाठिंबा दिला. २००८ मध्ये बराक ओबामांकडून पराभूत झालेल्या मॅक्केन यांनी त्यापूर्वी रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवारीसाठी याच रॉम्नींशी निकराची झुंज दिली होती. वारा पाहून मते बदलणारा गृहस्थ, ही मॅक्केन गटाची तेव्हाची टीका. आणि ती निराधार नव्हती. गर्भपाताच्या प्रश्नावर रॉम्नींनी भूमिका बदलल्याचे साऱ्या देशाने पाहिले होते.

तथापि हरल्यावर रॉम्नी शोभून दिसले. स्वतःचे ४ कोटींहून अधिक डॉलर खर्ची पडूनही ७ फेब्रुवारी २००८ रोजी त्यांनी माघार घेतली आणि आठवड्याभरात मॅक्केन यांना पाठिंबा दिला. उपाध्यक्षपदाची उमेदवारी पुढे सारा पेलिन यांच्याकडे गेली, तरी ते रुसून बसले नाहीत. चार वर्षांनी मॅक्केन यांनी ते ऋण फेडले, असे म्हणता येईल. आपल्याकडे २००० साली जितेंद्र प्रसाद काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी उभे राहिले, तेव्हा सोनिया गांधींच्या ७,४४८ मतांसमोर त्यांना मिळाली ९४. लढतच नाममात्र असेल, तर पराभूताच्या औदार्याची कसोटी लागणार कशी?

पण रिपब्लिकन नेत्यांची दिलजमाई कार्यकर्त्यांपर्यंत कितपत झिरपली, हा खरा प्रश्न होता. रॉम्नींच्या वैचारिक निष्ठेविषयी ज्यांना शंका होती, त्यांना मॅक्केनही आपले वाटत नव्हते. बेकायदा स्थलांतरितांना कायदेशीर वास्तव्याची वाट देणारे विधेयक त्यांनी २००५ साली डेमोक्रॅट एडवर्ड केनेडींसमवेत मांडले होते, हे तो वर्ग विसरला नव्हता. एका संशयिताने दुसऱ्याला जामीन राहावे, तसा हा प्रकार! शिवाय ज्याच्याविरुद्ध महिनोन् महिने दारोदार फिरून बोलायचे, त्याच्याच नावाने पुन्हा तीच दारे ठोठवायची, हे व्यासपीठावर हात उंचावण्याइतके सोपे नसते.

न्यू हॅम्पशायरने २००० आणि २००८ या दोन्ही वेळी मॅक्केन यांना कौल दिला होता. १० जानेवारीला तेथे रॉम्नी जिंकले. अकराच दिवसांनी दक्षिण कॅरोलिनातील श्रद्धाळू, कट्टर मतदारांनी मात्र न्यूट गिंग्रिच यांना विजयी केले. उमेदवारी अखेर रॉम्नींकडेच आली; नोव्हेंबरमध्ये निर्वाचक मंडळाच्या ५३८ पैकी २०६ मते त्यांच्या वाट्याला आली.