बाळ पायाळू आहे म्हणे!

सातव्या महिन्यातल्या सोनोग्राफीच्या कागदावर ‘ब्रीच’ हा शब्द दिसला की घरात कुजबुज सुरू होते. आजी म्हणते, “पायाळू होणार गं!” पायाळू माणसाची लाथ बसली की उसण जाते, त्याला विजेचं भय असतं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. उसणीचं राहू द्या. २८व्या आठवड्यात चार-पाचांतलं एक बाळ असंच डोकं वर करून बसलेलं असतं. अजून जागा असते, ते फिरतं. दिवस भरेपर्यंत शंभरात तीन-चारच तशी उरतात. म्हणून आत्ता रडू नका. ३६व्या आठवड्यात मात्र डॉक्टरांना विचाराच, “डोकं कुठे आहे?”

तुम्ही म्हैसूरच्या मराठी घरातल्या असाल, तर उत्तर बहुधा कन्नडमध्ये मिळेल. चेलुवांबा या सरकारी रुग्णालयात काय किंवा खाजगी दवाखान्यात काय, सिस्टर “तले केळगे इदे” म्हणाल्या तर डोकं खाली आहे. “मगु अड्ड इदे” म्हणाल्या तर बाळ आडवं आहे, आणि हे हलक्यात घ्यायचं नाही.

सुश्रुताने अडलेल्या गर्भाचे प्रकार सांगितले, त्यात आडव्याला ‘परिघ’ म्हटलंय. परिघ म्हणजे दाराचा अडसर. याहून नेमका शब्द मला तरी सापडला नाही. कळा कितीही आल्या तरी आडवं राहिलेलं पूर्ण दिवसांचं बाळ खाली सरकत नाही आणि उशीर झाला तर गर्भाशय फाटू शकतं. म्हणून अशा बाईला बऱ्याचदा कळांआधीच दाखल करून घेतात. तेव्हा “घरी बरी आहे की” म्हणून टाळू नका.

पायाळू बाळाचं तसं नाही. साधारण ३७व्या आठवड्यात डॉक्टर पोटावरून हातांनी बाळ फिरवून पाहतात. जवळपास निम्म्या वेळा जमतं. पण ते रुग्णालयात, ठोके तपासत आणि सिझेरियनची सोय ठेवून. घरी कुणाकडून पोट चोळून घेऊ नका, वार सुटू शकते. नाहीच फिरलं, तर २००० साली छापून आलेल्या मोठ्या अभ्यासानंतर डॉक्टरांचा कल ठरवून केलेल्या सिझेरियनकडे आहे. अनुभवी हात असतील तर काही जणींची प्रसूती नॉर्मलही होते. तुमच्या डॉक्टरांना तो अनुभव आहे का, हे विचारायला लाजू नका.

आणि सासूबाई, सुनेने ग्रहणात भाजी चिरली म्हणून बाळ उलटं झालेलं नाही. पाणी जास्त असणं, वार खाली असणं, जुळं, गर्भाशयातली गाठ ही कारणं असतात. कित्येकदा कारणच सापडत नाही.

डोकं खाली नसताना पाणी गेलं, तर कळांची वाट न पाहता निघा. नाळ बाहेर दिसली तर तिला हात लावू नका, आत ढकलू नका. गुडघे-कोपरांवर ओणवं होऊन कंबर उंच ठेवा आणि कुणाला तरी १०८ लावायला सांगा. गाडीत डाव्या कुशीवर, कमरेखाली उशी घेऊन झोपा. तारीख दसऱ्याच्या आसपासची असेल, तर जंबू सवारीच्या दिवशी राजवाडा ते बन्नीमंटप रस्ता बंद असतो. दुसरी वाट घरच्यांनी आधीच पाहून ठेवावी.