बियाण्याला परवाना, घरच्या बियाला मोकळीक. ॲपलाही तोच न्याय हवा



'पीएम किसान'च्या नावाची एपीके फाईल व्हॉट्सॲपवर येते, आपण ती उघडतो आणि बँकेतला पैसा जातो. आपल्या राज्यात असे प्रकार घडले आहेत. तेव्हा ॲप कोणी बनवले ते कळलेच पाहिजे, असे कोणी म्हटले तर ते पटण्यासारखे आहे.

आपल्यापैकी बहुतेकांच्या फोनमध्ये गुगलचे अँड्रॉईड असते. या कंपनीने ऑगस्ट २०२५ मध्ये एक नियम जाहीर केला. ॲप बनवणाऱ्याने कंपनीकडे ओळखपत्र देऊन नोंदणी करायची. नोंदणी नसेल तर प्ले स्टोअरबाहेरून आणलेले ॲपही फोनमध्ये बसणार नाही. सुरुवात सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, आणि २०२७ पासून टप्प्याटप्प्याने इतर देशांत, असे वेळापत्रक ठरले. पूर्ण नोंदणीची फी २५ डॉलर. एफ-ड्रॉइड हे मोफत ॲपचे स्वतंत्र भांडार २०१० पासून चालते; या नियमाने आपले काम बंद पडेल, असे त्यांनी सांगितले. ओरड झाल्यावर जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवू, असे कंपनीने नोव्हेंबर २०२५ मध्ये कळवले.

आता आपल्या बियाण्याचे बघा. बियाणे विकायचे तर १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशानुसार परवाना लागतो. परवाना शासन देते. नाकारला तर अपील करता येते. दुसरीकडे, २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने घरचे बी ठेवायला, पेरायला, शेजाऱ्याला द्यायला, अगदी विकायलासुद्धा मोकळीक दिली. ब्रँडच्या नावाने मात्र ते विकायचे नाही. धंद्याला शिस्त आणि घरच्या बियाला मोकळीक, दोन्ही एकत्र नांदतात.

ॲपला हाच न्याय का नको? बँकेचे, योजनेचे नाव लावणाऱ्याची ओळख जरूर तपासा. पण गावातल्या एखाद्या पोराने पाणीपाळीचे किंवा डेअरीच्या हिशेबाचे ॲप केले, तर गावाला ते देण्यासाठी त्याने परदेशी कंपनीची परवानगी का मागावी? विद्यार्थी आणि हौशी मंडळींना कंपनी सवलतीचे खाते देते म्हणते, पण त्यावर मोजक्याच फोनना ॲप देता येते. अख्ख्या गावाला ते पुरेल कसे? शिवाय ज्या कंपनीचे स्वतःचे दुकान आहे, तिच्याच हातात सगळ्यांच्या परवान्याचे रजिस्टर! एका मोठ्या व्यापाऱ्याने बाकीच्यांना परवाने वाटावेत, हे बाजार समितीत आपण चालवून घेऊ का?

नियम आपल्या दारी येण्याआधी ग्रामपंचायतींनी, दूध संस्थांनी ही मागणी शासनाकडे लेखी करावी: नोंदणीवर देखरेख सरकारी यंत्रणेची, नकाराविरुद्ध अपील, आणि बिगरधंद्याच्या ॲपला मोकळीक.

आणि तोवर? हंगामाच्या तोंडावर आम्ही सांगतो, पक्की पावती घ्या, पिशवी आणि टॅग जपा. तसेच इथेही. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके उघडू नका. फसगत झालीच तर लगेच १९३० ला फोन लावा. कोणाची नोंदणी झाली म्हणून आपली सावधगिरी सुटत नाही.