कोणत्याही शाखेचा पदवीधर

गेल्या जूनमध्ये माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. हातात प्लास्टिकची फाईल. बी.ए., इतिहास, ६८ टक्के. तीन वर्षं पुण्याच्या अभ्यासिकेत काढून गावी परतला होता. फाईल माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "सर, ह्याचं आता काय करू?" मी गुणपत्रिका उघडली. अंतर्गत मूल्यमापनाचे २० पैकी १८ गुण मीच दिलेले. त्या सत्रात त्याच्या वर्गावर मी किती तास घेतले होते, ते मला पक्कं आठवतं. अकरा.

तीस वर्षं मी तालुक्याच्या गावी कॉलेजात शिकवलं. त्यामुळे 'पदवीची किंमत घसरली' अशी हळहळ कुणी व्यक्त केली की माझं डोकं फिरतं. भाव कांद्याचा घसरतो, कारण आवक वाढते. पदवीत भेसळ झाली आहे. भेसळ करणारे हात ओळखता येतात, आणि त्यांतला एक हात माझा आहे.

मंत्रालयाच्या कॅन्टीनमध्ये वाढप्यांच्या १३ जागा भरल्या गेल्या, त्याची बातमी २०१९ च्या जानेवारीत आली. पात्रता चौथी पास. अर्ज सुमारे ७ हजार. निवडलेल्या १३ पैकी १२ पदवीधर. राज्याचा कारभार जिथून चालतो त्याच इमारतीत हे घडलं आणि कुणाची झोप उडाली नाही. २०२४ च्या पोलीस भरतीत १७ हजार ४७१ जागांसाठी १७ लाखांवर अर्ज आले. शिपाईपदाला बारावी पुरते, पण रांगेत इंजिनिअर होते, एमबीए होते. २०२३ च्या तलाठी भरतीत ४ हजार ६४४ जागा आणि १० लाखांवर अर्ज. खुल्या प्रवर्गाला शुल्क हजार रुपये, राखीवला नऊशे. ज्यांच्या हाताला काम नाही त्यांच्याकडून सरकारनं किती कोटी गोळा केले, त्याचा हिशेब वाचकांनीच करावा.

त्या तलाठी भरतीची अट नीट वाचा. 'कोणत्याही शाखेचा पदवीधर.' तू इतिहास शिकलास की रसायनशास्त्र, अर्थशास्त्र की संस्कृत, त्याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही, हा या शब्दांचा सरळ अर्थ आहे. तीन वर्षांत डोक्यात काय गेलं हे विचारायचंच नाही, कागद तेवढा दाखव. सरकारलाच नुसता कागद पुरत असेल, तर संस्थाचालक तरी कागदापलीकडे काही कशाला देतील?

आणि कागद कसा तयार होतो, ते मी आतून पाहिलं आहे. जून आला की आम्ही प्राध्यापक मोटरसायकली काढून गावोगाव हिंडायचो. बारावी झालेल्या पोराच्या ओसरीवर बसून त्याला सांगायचं, "नुसतं ॲडमिशन घे. रोज यायची गरज नाही, परीक्षेला ये." कारण विद्यार्थी घटले की तुकडी जाते, तुकडी गेली की कार्यभार जातो आणि माणूस अतिरिक्त ठरतो. आपली नोकरी टिकावी म्हणून आम्ही त्यांची पदवी पोकळ केली. हजेरीपट सत्र संपताना एका बैठकीत भरले जात. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती यायची असली की भिंतींना रंग, कुंड्यांना पाणी आणि न झालेल्या कार्यक्रमांचे अहवाल. निवृत्त झालेल्यांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या. त्यांच्या जागी तासिका तत्त्वावर नेट-सेट झालेली, पीएच.डी. झालेली तरुण माणसं. त्यांना तासावर पैसे, सुट्टीत काहीच नाही, आणि मिळायचं तेही कित्येक महिन्यांनी. ज्या शिक्षकाला दिवाळीत मुलांना कपडे घेता येत नाहीत, त्यानं वर्गात उभं राहून शिक्षणाचं मोल कोणत्या तोंडानं सांगायचं? आता नव्या शैक्षणिक धोरणानं चौथ्या वर्षाची ऑनर्स पदवी आणली. तीन वर्षांना माणसं पुरली नाहीत, चौथ्याला कुठून आणणार?

वर उद्योजक सभासंमेलनांत सांगतात, मुलांकडे कौशल्य नाही. बारावीच्या मुलाला महिन्याभरात शिकवता येईल अशा बिलं फाडण्याच्या नि फोन उचलण्याच्या कामाला पदवी मागता, ती का? अर्जांचा ढीग कमी करायला. पूर्वी मालक हाताखाली घेऊन माणूस तयार करत असे. तो खर्च आता तुम्ही मुलाच्या बापावर ढकलला आहे. बाप कर्ज काढून कॉलेजची फी भरतो, मग टायपिंग, एमएस-सीआयटी, मग क्लास, मग पुण्यातली खोली आणि मेस.

सरकारनंही २०२४ मध्ये भाव जाहीर करून टाकला. मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत बारावी पास मुलाला महिना ६ हजार विद्यावेतन, आयटीआय किंवा पदविकेला ८ हजार, पदवीधराला १० हजार. तेही तेव्हा सहा महिन्यांपुरतं. म्हणजे बारावीनंतरच्या तीन वर्षांचं मोल महिना ४ हजार.

यावर काही शहाणे म्हणतात, मग पदवी घेऊच नये, धंदा करावा. हे सांगणाऱ्यांची स्वतःची मुलं कुठे शिकतात ते विचारा. ज्याच्याकडे जमीन आहे, दुकान आहे, ओळखीपाळखी आहेत, त्याचं पदवीवाचून अडत नाही. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही, त्याची पदवी हीच एकमेव पुंजी. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय सुरू केलं, तेव्हा मराठवाड्यातल्या गावकुसाबाहेरच्या पोरांसाठी पदवीचा अर्थ काय होता, हे त्या पिढीतल्या कुणालाही विचारा. घराण्यातला पहिला पदवीधर साऱ्या वस्तीचं नशीब बदलत होता. त्याच पुंजीत आम्ही खोटं नाणं मिसळलं. ही गरिबाच्या घरी केलेली चोरी आहे, दुसरा शब्द मला सापडत नाही.

आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या २०२४ च्या भारतविषयक अहवालात २०२२ चे आकडे आहेत. तरुण पदवीधरांत बेरोजगारी २९.१ टक्के, लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ३.४ टक्के. निरक्षराला बसून राहणं परवडत नाही, तो मिळेल त्या कामाला जातो. पदवीधराला वाटतं, आपण शिकलो, शिक्षणाजोगं काही मिळेल. बाप अर्धपोटी राहून त्याला थांबू देतो. दोघं मिळून ज्याची वाट पाहतात ते येत नाही.

माझा तो विद्यार्थी आता बाजारपेठेतल्या खताच्या दुकानात आहे. मालकानं गुणपत्रिका मागितली नाही. मोटरसायकल येते का, एवढंच विचारलं.

त्या दिवशी त्याला उत्तर देता आलं नाही, म्हणून हे आईबापांसाठी लिहितो आहे. फी भरण्याआधी कॉलेजात जा. मुलाच्या विषयाला कायम शिक्षक किती, तासिका तत्त्वावर किती आणि जागा रिकाम्या किती, ते लेखी मागा. मग ऑगस्टमधल्या एखाद्या मंगळवारी, सकाळी अकराला, न सांगता पुन्हा जा आणि मुलाच्या वर्गात डोकावून पाहा. फळ्यापाशी कुणी नसेल, तर प्राचार्यांच्या खोलीत जाऊन बसा. वर्गावर शिक्षक जाईपर्यंत उठू नका.