‘निर्मनुष्य’ या शब्दाला आमची हरकत

मुले अमेरिकेत स्थायिक झाल्यापासून आपल्या मंडळींत अलास्का पाहून येण्याची टूम निघाली आहे. परतल्यावर सभागृहात पडद्यावर छायाचित्रे दाखवली जातात आणि वक्ता कोणीही असो, एक शब्द हमखास कानी पडतो: ‘निर्मनुष्य’. आमची हरकत या शब्दाला आहे. हिमनद्या, अस्वले आणि रात्री अकराचा उजेड पाहून वाटणाऱ्या विस्मयाला नव्हे. सतरा लाख चौरस किलोमीटरांच्या त्या प्रदेशापुढे माणूस मुका झाला तर नवल नाही. आम्हीही झालो होतो, आणि घरच्या पत्रात हाच शब्द लिहून मोकळेही झालो होतो.

‘गेट्स ऑफ द आर्क्टिक’ हे राष्ट्रीय उद्यान घ्या. तेथे एकही रस्ता नाही, आखलेली पायवाटही नाही. लहान विमानाने उतरावे किंवा चालत जावे. साहसप्रेमींना याहून ‘अस्पर्श’ भूमी कोणती हवी? परंतु याच उद्यानाच्या सीमेत नुनामिउत लोकांचे अनाक्तुवुक पास हे गाव आहे. कॅरिबूंच्या कळपांमागे पिढ्यान्‌पिढ्या हिंडणारे हे लोक १९५० च्या सुमारास तेथे स्थिरावले. गावाच्या नावाचा अर्थ ‘कॅरिबूंच्या लेंड्यांची जागा’. उद्यानाचे भारदस्त नाव मात्र रॉबर्ट मार्शल या अमेरिकी वनशास्त्रज्ञाने तेथल्या दोन डोंगरांना दिलेल्या नावावरून आले. लेंड्यांचे नाव जाहिरातीत कोण छापणार! पण त्या भूमीवर वावरलेल्या माणसाची खूण त्या लेंड्यांच्या नावातच आहे.

उत्तर अमेरिकेतील सर्वोच्च शिखराची कथा याहून बोलकी आहे. ६१९० मीटर उंचीच्या या पर्वताला कोयुकॉन लोक ‘देनाली’, म्हणजे ‘उंच’, म्हणत आले. १८९६ साली सोन्याच्या शोधात आलेल्या एकाने त्याला मॅकिन्लीचे नाव दिले. हे गृहस्थ तेव्हा अध्यक्षपदाचे उमेदवार होते. अलास्कात त्यांनी कधी पाऊलही टाकले नाही. १९१३ साली शिखरमाथ्यावर पहिले पाऊल पडले ते वॉल्टर हार्परचे, आणि त्याची आई कोयुकॉन होती. मोहिमेचा नेता हडसन स्टक याने पुढच्याच वर्षी पुस्तक लिहून मूळ नाव परत देण्याची मागणी केली. १९७५ साली अलास्का राज्यानेही तेच मागितले. २०१५ साली ‘देनाली’ मिळाले. जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टनहून पुन्हा ‘मॅकिन्ली’ आले. जेथे कोणी राहतच नाही, तेथल्या नावासाठी शंभर वर्षे भांडले कोण?

‘माणसाला हक्क दिले की अरण्य संपते,’ असे आमचे एक स्नेही म्हणतात. १९८० च्या ज्या कायद्याने अलास्कात दहा कोटींहून अधिक एकर जमिनीला संरक्षण दिले, त्याच कायद्याने तेथील बहुतेक नव्या उद्यानांत स्थानिक ग्रामीण रहिवाशांना पोटापुरती शिकार व मासेमारी करण्याची मुभा ठेवली. उलट देनाली उद्यानातील एकमेव रस्ता ऑगस्ट २०२१ मध्ये त्रेचाळिसाव्या मैलाशी बंद करावा लागला, तो तेथली गोठलेली जमीन वितळून डोंगरउतार घसरू लागल्यामुळे. ही उष्णता कोणा शिकाऱ्याने वाढवलेली नाही. तिच्यात आमच्या विमानप्रवासाचाही वाटा आहे, हे लिहिताना संकोच वाटतो.

या शब्दाविषयी आम्ही इतके हट्टी का, त्याचेही कारण सांगतो. आमची नोकरी महसूल खात्यातली. गुरे चरत असलेली, बायका मोहाची फुले वेचत असलेली जमीन कागदोपत्री ‘पडीत’ लिहिताना आमचा हात कधी अडखळला नाही. एकदा शब्द लिहिला की पुढचे आदेश सोपे होत. एक म्हातारा कचेरीच्या पायरीवर दिवसभर बसून होता; त्याचे म्हणणे एवढेच, की तेथे त्याच्या बापाला पुरले आहे. आम्ही त्याला अर्ज करायला सांगितले.

पुढल्या वेळी पडद्यावर ते शिखर आले, की श्रोत्यांतून आम्ही एकच विचारणार आहोत: वॉल्टर हार्परचे छायाचित्र आणले आहे का?